कोहळे पेरायचे ते पंचांग पाहून

भादव्याचा दुसरा पंधरवडा लागला की गावातल्या आयाबाया वावराच्या वाटेवर एकच विचारतात, "काहो भाऊ, कोहळं निघालं का?" कोणाच्या सासऱ्याचे पान असते, कोणाच्या आईची तिथ असते. पानावर कोहळ्याची भाजी लागतेच. अख्खे फळ कोणाला नको असते, पावकिलोची फोड पुरते. पण ती त्याच दिवशी पाहिजे. दुसऱ्या दिवशी फुकट दिली तरी उपयोग नाही.

२०२४ साली आमच्या अर्ध्या एकरात वेल रान झाकून पसरले होते. फळेही होती. पण देण्यासारखे एकही नव्हते, सारी हिरवी आणि कवळी. त्या साली सर्वपित्री अमावस्या २ ऑक्टोबरला होती, दसरा १२ ऑक्टोबरला. आमची फळे पिकायला लागली ती १८ ऑक्टोबरच्या पुढे. म्हणजे पितरपंधरवडा गेला, नवरात्र गेले, दसराही हातचा गेला. माय ओट्यावर बसून सारे पाहत होती. म्हणाली, "पितर काय तुह्या पेरनीची वाट पाह्यत बसतीन काय?"

त्याच्या आदल्या वर्षी मात्र आम्ही गावात शहाणे ठरलो होतो. २०२३ साली मृग लागता लागता, ८ जूनच्या सुमारास, विहिरीच्या पाण्यावर बी टोबले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फळे तयार झाली आणि ऐन पंधरवड्यात हातोहात गेली. वाटले, युक्ती सापडली. युक्ती कसली! त्या साली अधिक श्रावण होता. सगळे सण पुढे गेले होते आणि सर्वपित्री अमावस्या थेट १४ ऑक्टोबरला आली होती. पुढच्या वर्षी आम्ही "मागच्यासारखेच करू" म्हणत बसलो, विहिरीची मोटर जळाली, ती भरून येईपर्यंत २० जून उजाडला. सण बारा दिवस अलीकडे आले होते आणि आमची पेरणी बारा दिवस पलीकडे गेली होती. चोवीस दिवसांचा घोळ झाला. तीन महिने राबूनही तो भरून निघाला नाही.

सोयाबीन, कपाशीला हा प्रश्न येत नाही. सोयाबीन आज नाही विकले तर महिन्याने विकता येते, भाव वरखाली होतो एवढेच. कोहळ्याचे गिऱ्हाईक मात्र तिथीला बांधलेले असते. म्हणून या पिकाची पेरणी नुसते आभाळाकडे पाहून करणे परवडत नाही.

नावाचा घोळ आधी मिटवा

दुकानात बी मागताना आपल्या जिल्ह्यात फार गंमत होते. आपण वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळे म्हणतो. पुण्याकडच्या माणसाला कोहळे म्हटले की पेठ्याचे पांढरे फळ डोळ्यासमोर येते. त्याला आपण भुरे कोहळे म्हणतो. मलकापूर ओलांडून खानदेशात उतरा, तेच लाल फळ डांगर होते. आणि वऱ्हाडात पुढे गेलात तर डांगर म्हणजे नदीच्या पात्रातले उन्हाळी खरबूज. कोणी काशीफळ म्हणतो, कोणी गंगाफळ. पाकिटावर 'लाल भोपळा' छापलेले आहे का ते वाचून घ्यावे. 'कोहळा' छापलेले पाकीट घरी आणाल तर वेलाला पांढरी भुकटी लागलेली फळे येतील आणि श्राद्धाच्या भाजीचे गिऱ्हाईक ती घेणार नाही.

जाता जाता एक सांगून ठेवतो. श्राद्धाच्या पानात इतके पक्के बसलेले हे लाल फळ मूळचे इथले नाहीच. मिरची, बटाटा, मका यांच्यासारखेच ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आले. भुरे कोहळे मात्र आशियातले, जुने. पितरांनी पाहुण्याला घरचा मान दिला म्हणायचा!

चार महिने मागे मोजा

आता मुख्य हिशोब. लाल कोहळ्याला बी मातीत पडल्यापासून फळ पक्के व्हायला जात आणि हवामान पाहून साधारण १०० ते १२५ दिवस लागतात. तोडल्यावर थोडे वाळवायला, बाजारात पोचवायला आठवडा धरा. लहान शेतकऱ्याने सरसकट चार महिने, म्हणजे १२० दिवस धरून चालावे. ज्या दिवशी विकायचे त्या दिवसापासून चार महिने मागे मोजायचे आणि तिथे पेरणीची खूण करायची.

करून पाहू. २०२५ साली सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरला होती. चार महिने मागे गेलो की २४ मे येतो. त्या साली दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे पेरणी ४ जूनला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे पेरणी २३ जूनपर्यंत. जो शेतकरी जूनच्या शेवटी पावसाच्या ओलीवर पेरतो त्याला त्या साली दिवाळीसुद्धा जेमतेमच सापडली असणार.

२०२६ चा हिशोब वेगळा. या वर्षात अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे सर्वपित्री अमावस्या १० ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. मागे मोजा. अमावस्येसाठी पेरणी १२ जून, दसऱ्यासाठी २२ जून, दिवाळीसाठी ११ जुलै. म्हणजे पावसाच्या भरवशावरच्या माणसालाही दसरा-दिवाळीचा बाजार धरता येतो. अधिक महिना जावयाला वाण देण्यापुरताच असतो असे आपण समजतो. कोहळेवाल्यासाठी तो तीन आठवड्यांची सवलत असतो.

पण अधिक महिना कोणता तेही पाहावे लागते. २०२० साली अधिक आश्विन आला होता. तो पितरपंधरवडा आणि नवरात्र यांच्या मधोमध पडला. सर्वपित्री अमावस्या १७ सप्टेंबरला झाली आणि घटस्थापना एकदम १७ ऑक्टोबरला. मध्ये महिनाभराचे अंतर. अशा साली पंधरवड्याचे कोहळे लवकर लावायचे आणि नवरात्राचे उशिरा, एकाच दिवशी सारे टोबून भागत नाही. २०२६ नंतरचा अधिक महिना २०२९ साली, चैत्राचा आहे. मधल्या दोन वर्षांत सण पुन्हा अलीकडे सरकणार हे आताच ध्यानात ठेवावे.

महालक्ष्म्यांच्या जेवणालाही कोहळे लागते, तो सण पंधरवड्याच्याही आधी येतो. त्यासाठी पेरणी वैशाखात जाते. ज्याच्या विहिरीला मेमध्ये बारमाही पाणी आहे त्यानेच त्या नादी लागावे. नवरात्रात काही घरी लाल भोपळा उपासाला चालतो, काही घरी चालत नाही. आपल्या बाजारातल्या बायकांना विचारून मगच त्यावर भिस्त ठेवावी.

मेमध्ये पाणी कुठले?

इथे कोणीही म्हणेल, "भाऊ, मेमध्ये प्यायला पानी नाही, कोहळ्याले कुठलं देता?" बरोबर आहे. घाटावरच्या कितीतरी गावांत मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि घाटाखाली खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असले तरी ते खारे. नाजूक रोपांना ते देण्यात अर्थ नाही. पण अर्धा एकर भिजवायचे पाणी नसले तरी सातशे पिशव्या भिजवायचे पाणी कोणत्याही घरी निघते.

रोपे पिशवीत करायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला भोके पाडून, त्यात निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत भरायचे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी एकेक टोबायचे. अंगणात नेटच्या किंवा तुराट्यांच्या सावलीत ठेवायच्या. दोन वेळा झारीने पाणी. पंधरा ते वीस दिवसांत दोन-तीन पानांचे रोप होते आणि तोवर पाऊस येतो. पाऊस पडला की पिशवी कापायची, मातीचा गोळा न फोडता आळ्यात बसवायचा. कोहळ्याचे मूळ तुटले की रोप बसते, मग ते उठायला आठवडा घेते. म्हणून पिशवी ओढून काढायची घाई करू नये, ब्लेडने उभी चिरावी. वीस दिवसांपेक्षा जुने रोप लावू नये. पिशवीत मुळे गुंडाळली की त्याचा पुढे वेल होत नाही.

म्हणजे पावसाच्या माणसाला पंचांगातले पंधरा-वीस दिवस असे अंगणात परत मिळवता येतात. २०२४ च्या फजितीनंतर आम्ही हेच केले. आणखी एक फायदा झाला तो आम्हाला आधी माहीत नव्हता. लाल भुंगेरे दोन दलांवरच्या कोवळ्या रोपाचा फडशा पाडतात, एका सकाळी ओळीच्या ओळी खाऊन जातात. ते वय रोपांनी अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत काढलेले असते. तरी लावणीनंतरचे आठ दिवस सकाळी फिरावे. दवात भुंगेरे सुस्त असतात, हाताने वेचून रॉकेलच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकता येतात. जुनी माणसे पानांवर चुलीची राख उधळीत. राखेने भुंगेरा मरत नाही, पण पानाला तोंड लावायला कचरतो.

रान, वेल आणि फूल

कोहळ्याला पाणी लागते, पण साचलेले चालत नाही. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा भागातली उताराची हलकी ते मध्यम जमीन याला उत्तम. घाटाखाली पूर्णाकाठच्या भारी काळ्या रानात सपाटीवर लावाल तर श्रावणात वेल पिवळे पडतील. तिथे उंच वरंबे करून त्यावरच लावावे आणि चर मोकळे ठेवावेत.

दोन ओळींत दहा फूट आणि दोन आळ्यांत तीन फूट अंतर ठेवले की अर्ध्या एकरात साधारण सव्वासातशे आळी बसतात. प्रत्येक आळ्यात दोन-तीन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत. उकिरड्यावर आपोआप उगवलेला कोहळ्याचा वेल कसा माजतो ते सगळ्यांनी पाहिले आहे. ते पाहून माणूस युरियाची गोणी उचलतो आणि फसतो. नत्र जास्त झाले की वेल पळतो, पाने छत्रीएवढी होतात, फुलांत नर फुलेच जास्त येतात. थोडे नत्र लावणीला आणि थोडे महिन्याने, असे विभागून द्यावे. फुले लागल्यावर युरिया नको.

पहिल्या वर्षी आमच्या घरी फुलांवरून भांडण झाले होते. वेलाला पिवळीधमक फुले आली आणि आठ दिवस झाले तरी एक फळ धरेना. सारी फुले गळत होती. शेजाऱ्याने सांगितले औषध मारा. मायने फुलाचा देठ हातात धरून दाखवला. "हे सारे नवरे हायेत, नवरी अजून यायची हाये." खरेच होते. कोहळ्याला आधी नर फुले येतात, लांब बारीक देठावर. मादी फूल काही दिवस उशिरा येते आणि त्याच्या बुडाशी गोटीएवढे कोहळे आधीच असते. आधीची नर फुले गळणारच. त्यांची भजी करावी, चांगली लागतात.

खरी निकड त्यानंतरची. मादी फूल पहाटे उमलते आणि दहाच्या आत मिटते. एकच सकाळ. कोहळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, तो मधमाशीनेच न्यावा लागतो. त्या वेळी वावरात माशी नसली तर ते गोटीएवढे फळ पिवळे पडून गळून जाते. आणि आपल्याकडे हीच वेळ सोयाबीनवर फवारणीची असते. आपण फवारले नाही तरी धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचा पंप सकाळीच सुरू होतो. त्याला जाऊन सांगावे, "दादा, दुपारून मार." हा एक शब्द अर्ध्या एकराच्या पिकाला खताच्या गोणीपेक्षा जास्त देतो. स्वतःलाही काही फवारायचेच असेल तर संध्याकाळी, फुले मिटल्यावर.

माश्या दिसत नसतील तर सकाळी सहा ते आठ या वेळात नर फूल खुडावे, पाकळ्या मागे सारून त्याचा केसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. शाळेत जाण्याआधी पोरे हे काम खेळ म्हणून करतात.

फळ मुठीएवढे झाले की फळमाशी येते. ती कवळ्या सालीत नांगी खुपसून अंडी घालते. तिथे डिंकाचा थेंब दिसतो, फळ वाकडे होते, आतून सडते. फवारणी आतल्या अळीला पोचत नाही. क्यू-ल्युरचे सापळे फुलोऱ्यापासूनच लावावेत. कीड लागलेले फळ वेलाखाली टाकून देऊ नये, दोन फूट खोल पुरावे. टाकून दिलेले फळ म्हणजे पुढच्या माशीचे पाळणाघर. पानांवर भुरी आली तर गंधकाची भुकटी उधळायचा मोह होतो. वेलवर्गाची पाने गंधकाने भाजतात, कडक उन्हात तर हमखास. बुलडाणा आणि जळगाव जामोद या दोन्ही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्र आहे. पान हातात घेऊन तिथे विचारून यावे, दुकानदाराच्या शब्दावर डबा आणू नये.

वाणाबद्दल थोडेच सांगतो. घरचे गावरान बी चांगले असेल तर ते सोडू नये. विकत घ्यायचे तर बंगळूरच्या संस्थेचे अर्का चंदन आहे, फळ दोन ते तीन किलोचे, गर केशरी. त्याच संस्थेचे अर्का सूर्यमुखी त्याहून लहान, किलो-दीड किलोचे, आणि फळमाशीला बऱ्यापैकी टिकणारे. दिल्लीचे पुसा विश्वास मोठे, पाच किलोच्या आसपास. कोणते घ्यावे ते तुम्ही कुठे विकणार यावर आहे. आठवडी बाजारात फोडी करून विकणार असाल तर मोठे परवडते. शहरात अख्खे फळ द्यायचे असेल तर चौघांच्या घरात पाच किलोचे कोहळे कोण नेणार?

देठ वाळला का?

आमच्या २०२४ च्या चुकीचा दुसरा भाग अजून सांगितलेला नाही. पंधरवडा हातचा जातो पाहून आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस मोठी दिसणारी चाळीस-पन्नास फळे तोडली आणि बाजारात नेली. व्यापाऱ्याने एकाला अंगठ्याचे नख लावले. नख आत गेले. त्याने एक शब्द न बोलता फळ बाजूला ठेवले आणि पुढचे पाहायला लागला. निम्मी तशीच परत आली. घरी आणून गोठ्याच्या कोपऱ्यात रचली, ती आठ दिवसांत पाणी सुटून बसली.

पक्के कोहळे आकारावरून ओळखता येत नाही. हिरवा रंग उतरून पिवळसर-बदामी छटा येते, सालीवर नख मारले तर ओरखडा उठतो पण नख रुतत नाही, आणि देठ हिरवा न राहता वाळून खरखरीत, लाकडासारखा होतो. यातले देठाचे लक्षण सर्वात भरवशाचे. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडले की तोडणी करावी. फळ ओढून तोडू नये, विळ्याने दोन-तीन बोटे देठ ठेवून कापावे. देठाला धरून उचलू नये. देठ मोडला की तिथूनच सड सुरू होते. वेलावर असतानाच मोठ्या फळाखाली कुटाराचा नाहीतर वाळल्या गवताचा मुठका सारून ठेवला तर बूड ओल्या मातीने कुजत नाही.

तोडलेली फळे दहा-पंधरा दिवस हवेशीर सावलीत वाळू द्यावीत. त्यात साल टणक होते, खरचटलेले भरून येते. मग पऱ्हाट्यांचा माच करून त्यावर कुटार पसरावे आणि फळे एकमेकांना न लागता एकेरी मांडावीत. ढीग करू नये. आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले काढून टाकावे. असे ठेवलेले पक्के कोहळे दोन-तीन महिने सहज टिकते. भेंडी-गवार सकाळी तोडली की संध्याकाळपर्यंत विकावीच लागते, व्यापारी म्हणेल त्या भावाने. कोहळेवाल्याला "आज नाही देत" म्हणता येते. पण हे म्हणायची सोय फक्त देठ वाळल्यावर तोडणाऱ्याला आहे.

बाजाराचा हिशोब

सव्वासातशे आळ्यांतली सहाशे जगली, वेलाला दोन फळे, फळ तीन किलोचे, असे कागदावर मांडले तर छत्तीस क्विंटल होतात. रानडुकरे, सड, वाकडी फळे वजा करा. हिशोब पंचवीस क्विंटलचाच धरावा, वर आले तर देवाचे. पंचवीस क्विंटलला किलोमागे एक रुपया इकडे-तिकडे म्हणजे अडीच हजार रुपये. त्या एका रुपयासाठी कुठे कुठे भांडायचे ते ठरवावे.

पहिले ठिकाण भाडे. टेम्पोला दोन हजार भाडे धरले आणि पाच क्विंटलच भरले तर किलोमागे चार रुपये रस्त्यातच गेले. वीस क्विंटल भरले तर एक रुपया. लहान शेतकऱ्याने एकट्याने खामगाव, अकोला गाठण्यात अर्थ नाही. गावात तिघा-चौघांनी मिळून, थोड्या अंतराने लावले तर एकच गाडी भरते.

दुसरे ठिकाण माप. वावरात येऊन "नगाला इतके" म्हणून सौदा करणारे येतात. ते मोठी फळे आधी उचलतात आणि बारकी तुमच्याकडे ठेवतात. लाल कोहळे वजनावरच द्यावे. तिसरे पट्टी. फळे-भाजीपाला २०१६ साली राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळा केला आणि त्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. पट्टी हातात पडली की पैसे मोजण्याआधी ती वाचा. अडतीच्या नावाने किंवा दुसऱ्या कोणत्या गोड नावाने काही कापले असेल तर तिथेच विचारा, घरी येऊन बायकोला सांगून उपयोग नाही.

आणि सगळेच अडत्याकडे नेऊ नये. पंधरवड्यात पाच-सहा क्विंटल माल आसपासच्या दोन-तीन आठवडी बाजारांत फोडी करून विकला तर घाऊक भावापेक्षा बरे पैसे होतात. त्यासाठी घरातले एक माणूस तराजू घेऊन दिवसभर बसायला पाहिजे. कापलेली फोड दुसऱ्या दिवशी टिकत नाही, म्हणून एका वेळी एकच फळ फोडावे आणि केशरी गर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर ठेवावा.

धुऱ्याला वीस-पंचवीस वेल भुऱ्या कोहळ्याचेही लावावेत. दसऱ्याला गाड्या, दुकाने, यंत्रे यांच्या पूजेला ते लागते आणि तिथे वजन कोणी विचारत नाही, नगावर जाते. राहिले तर सांडगे होतात. लाल कोहळ्यातले दिवाळीनंतर उरलेले घरी बोंडांना कामी येते. गूळ घालून शिजवलेला गर, त्यात मावेल तेवढी कणीक, वेलची, आणि तळण. पाहुणा आला की बाजारातून मिठाई आणावी लागत नाही, ही बचत कोणत्या वहीत लिहिली जात नाही.

सातबाऱ्यावर कोहळे

शेवटी गावच्या कारभाऱ्यांसाठी. आपल्याकडे खरीप पीकविम्याच्या यादीत सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद, ज्वारी ही नावे असतात, कोहळ्याचे नाव नसते. म्हणून बहुतेक शेतकरी कोहळ्याची नोंदच करत नाहीत. तुरीत, कपाशीत आंतरपीक म्हणून लावलेले तर कुठेच दिसत नाही. मग अतिवृष्टी झाली किंवा रानडुकरांनी एका रात्रीत वावर नांगरले, की पंचनाम्याच्या वेळी सातबाऱ्यावर भलतेच पीक निघते आणि सारे अडते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाईलवर आली आहे. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून फोटोसह पीक नोंदवायचे. अर्धा एकर असो की दहा गुंठे, भोपळा म्हणून नोंद करावी, मिश्र पीक असेल तर तसे. ज्याला मोबाईल जमत नाही त्याला तलाठी भाऊसाहेबांनी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा गावातल्या कोण्या शिकल्या पोराने मदत करावी. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत रानडुकरे आणि रोही यांचा त्रास दरसालचा आहे. नुकसान दिसले की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज द्यावा. चार दिवसांनी वेल पुन्हा पसरतात आणि नुकसान झालेच नाही असे दिसते. ग्रामसभेत एकदा हा विषय घेतला, तर पंचनाम्याच्या दिवशी होणारी अर्धी भांडणे होणार नाहीत.

आमच्या घरी आता दिनदर्शिका आली की माय आधी सर्वपित्री अमावस्येचे पान काढते आणि मला चार पाने मागे मोजायला लावते. बी तिने निवडलेले असते. सर्वात आधी पिकलेले, देठ पूर्ण वाळलेले, मध्यम आकाराचे एक फळ महिनाभर ठेवून मग फोडते, बी धुऊन सावलीत वाळवते आणि राख घालून गाडग्यात बंद करते. शेजारच्या वावरात दुसरे वाण असेल तर मधमाश्या सरमिसळ करतात, म्हणून वावराच्या मधल्या वेलाचेच फळ घ्यायचे हा तिचा नियम. संकरित वाणाचे बी धरून मात्र चालत नाही, ते दरसाल नवे आणावे लागते. गाडग्यावर तिने कोळशाने एक रेघ ओढली आहे, दोन रेघा ओढलेल्या गाडग्यात भुऱ्या कोहळ्याचे बी आहे.